सियायाचा पत्रा

पहिला दिवस, किसुमू

केनियातल्या किसुमूला उतरताना विमान व्हिक्टोरिया तळ्यावरून इतकं खाली येतं की आता पाण्यातच टेकणार असं वाटतं. तळं आपलं म्हणायचं. पलीकडचा काठ काही दिसत नाही. पुतण्या ६ वर्षांपासून इथे नोकरीला आहे आणि दर दिवाळीला फोनवर "काकू, एकदा या" हे घोकत असतो. यंदा, २०२५ची दिवाळी आवरली, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली आणि निघाले.

घरी येईपर्यंत मी पाट्या वाचत होते. ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘बिमा’ म्हणजे विमा, ‘चपाती’ म्हणजे चपातीच. आणि जिकडे बघावं तिकडे ‘पेसा’. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१मध्ये इथवर पोचली, तिच्या मागोमाग गुजराती दुकानदार आले. हे शब्द त्यांनी आणि त्यांच्याआधी किनाऱ्यावर आलेल्या व्यापाऱ्यांनी मागे ठेवलेले.

रात्री पुतण्याच्या कचेरीतला लेखापाल जेवायला आला होता. मूळचा सियाया जिल्ह्यातला, लुओ समाजाचा, तिशीतला शांत मुलगा. बोलता बोलता म्हणाला, "माझ्या चुलतीला २०१५मध्ये ८७ हजार शिलिंग मिळाले."

"कर्ज?"

"नाही."

"मग अनुदान. कशासाठी?"

"कशासाठी नाही. नुसते दिले."

माझा हात ताटातच थांबला. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यांच्या शाखांत. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं आणि अनुदानं या हातांनी वाटली आहेत. लाभार्थ्याने म्हैस घ्यायची, तिच्या कानात बिल्ला, फायलीत पावती, मग आमची पाहणी. पाहणीच्या दिवशी एकच म्हैस तीन गोठ्यांत दिसायची आणि आम्ही तिन्ही कागदांवर बरोबरची खूण करायचो. मुळात कुणाला म्हैस हवी होती का, हा रकानाच अर्जात नव्हता.

८७ हजार शिलिंग म्हणजे त्या वेळचे साधारण १,००० डॉलर, आपले साठ-पासष्ट हजार रुपये. तिकडच्या गरीब घराचा जवळपास पाऊण वर्षाचा खर्च. देणारी संस्था गिव्ह डायरेक्टली. हार्वर्ड आणि एमआयटीत अर्थशास्त्र शिकणाऱ्या चौघांनी काढलेली, आणि सुरुवातीचं काम याच भागात केलेली. हे जमलं ते एम-पेसामुळे. २००७मध्ये केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची ही सोय आली आणि साध्या बटणांच्या फोनमध्येही खातं उघडलं. मधे ना तलाठी, ना शाखा, ना माझ्यासारखी बाई.

"चुलतीकडे जायचं का?" मी विचारलं. पोरगा हसला. त्याला बहुधा वाटलं होतं मी तळ्यातले पाणघोडे बघायला आलेय.

दुसरा दिवस, उगुंजाच्या पुढे

सकाळी मातातू. चौदा माणसांची व्हॅन, आत किती होतो ते मोजलं नाही. मसेनोला रस्त्याच्या कडेला विषुववृत्ताची पाटी लागते. गाडी थांबली नाही, मी मान वळवेपर्यंत उत्तर गोलार्ध सुरू. माती मात्र ओळखीची. आमच्या जांभ्यासारखी लाल, पायाला लागली की निघत नाही.

उगुंजाला उतरून पुढे बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. टाकीवर ‘बजाज’ लिहिलेलं. बॉक्सर. इथल्या खेड्यांतली निम्मी वाहतूक या गाडीवर चालते. मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. चालवणाऱ्याला म्हटलं, "ही आमच्या पुण्याची." तो म्हणाला, "इंडियाची आहे, दोन वर्षांत क्लच जातो." पुण्याचा अभिमान तिथेच गिळला.

लुओ घराला ‘डाला’ म्हणतात. निवडुंगासारख्या हिरव्या काट्याकुट्यांचं कुंपण, फाटकासमोर बाईचं मुख्य घर, फाटकाजवळ थोरल्या मुलाची वेगळी खोली, आणि अंगणातच नवऱ्याचं सिमेंटने बांधलेलं थडगं. त्यावर मका वाळत घातलेला. मृताला घरापासून दूर न्यायची रीत इथे नाही.

चुलती साठीच्या आत-बाहेरची, ताठ, डोक्याला फडकं. इथे बाईला नावाने हाक मारत नाहीत, अमक्याची आई म्हणतात. परक्याने नुसतं ‘मामा’ म्हटलं तरी चालतं. मला पहिला दिवसभर ते जमेना. मामा म्हटलं की डोळ्यांपुढे पोलादपूरचे आमचे मामा, धोतरासकट.

घर मातीचंच. भिंतीला खालून दोन हात सिमेंट, वर पत्रा. आत सोफे, आणि प्रत्येक पाठीवर क्रोशाचा पांढरा रुमाल, कडक स्टार्च केलेला. माझ्या आईकडचे अगदी असेच. मी रुमालाचा टाका उलटून बघितला, मामाने माझ्याकडे बघितलं, आणि दुभाष्याशिवाय झालेलं आमचं ते पहिलं बोलणं.

मग चहा, उकडलेला रताळ्याचा तुकडा आणि पैशांची गोष्ट.

२०१५मध्ये काही मुलं-मुली घरोघर फिरली. नावं लिहिली, माणसं मोजली आणि वर बघितलं. छप्पर गवताचं असेल तर घर यादीत, पत्र्याचं असेल तर नाही. गरिबी ओळखायची अट एवढीच. मामाचं छप्पर गवताचं होतं. फोन नव्हता, तो त्यांनी मिळवून दिला आणि त्याची किंमत पुढे कापून घेतली. तो फोन तिने पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं, पण फेकवत नाही.

पहिला हप्ता ७ हजारांचा. रात्री फोन वाजला. तिला वाचता येतं, तरी मुलाला उठवून तिने तो निरोप दोनदा वाचून घेतला. सकाळी बाजारातल्या एजंटाच्या हिरव्या टपरीवर गेली, ओळखपत्र दाखवलं, गुप्त आकडे दाबले, वहीत सही केली. नोटा हातात येईपर्यंत विश्वास नव्हता. त्यातून दुकानदाराची उधारी फेडली, मक्याचं पोतं घेतलं आणि गादी.

"गादी?"

"चाळिशी उलटली तरी मी चटईवर निजत होते," ती म्हणाली. याच्यापुढे तिने स्पष्टीकरण दिलं नाही आणि मी मागितलं नाही. आमच्या अर्जात गादीला ‘अनुत्पादक’ म्हणायचे.

दोन महिन्यांनी ४० हजार आले आणि घरात भांडण लागलं. नवऱ्याला बैलजोडी हवी होती, हिला पत्रा. तीन रात्री. पैसे तिच्या फोनवर आले होते, पण म्हणून वाद टळला नाही. गवताचं छप्पर वर्षा-दोन वर्षांनी नव्याने घालावं लागतं आणि चांगलं गवत आता विकतच आणावं लागतं, हा तिचा मुद्दा. शाकारणीचा हिशोब मला समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी मिरगाआधी आमच्या पडवीवर आजोबा चढायचे तेव्हा आजी खालून पेंढ्या देत देत हेच बोलायची.

शेवटी पत्रे आले, लाकूड आलं, रुंद डोक्याचे खिळे आले, सुतार आला. पत्र्याच्या कडेला पन्हळ लावली, खाली पिंप ठेवलं. पाणी आणायला ओढ्यावर जायच्या खेपा पावसाळ्यापुरत्या तरी सुटल्या. आणखी सहा महिन्यांनी शेवटचे ४० हजार. त्यात मधल्या मुलाची माध्यमिक शाळेची फी आणि एक कालवड.

कालवड व्याली, आणि दुसऱ्या वर्षी गोचिडाच्या तापाने गेली. मामा हे सांगताना माझ्याकडे नाही, थडग्याकडे बघत होती. "तो म्हणाला, बैल घेतले असते तर. मी म्हटलं, बैलांना गोचिड होत नाहीत का?" मग हसून हाताने तिकडे खूण केली. "अजून रागावलाय." वासरू जगलं. आत्ता दारात बांधलेली गाय त्या वासराची लेक.

मी बँकेचा प्रश्न विचारलाच. दारू?

"जो प्यायचा तो आधीही प्यायचा," ती म्हणाली. "उधारीवर." याच जिल्ह्यातल्या ररिएडा भागात २०११-१२ साली मोजमाप झालं होतं, त्यातही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नव्हता. अभ्यास मी वाचला होता. उधारीची गोष्ट त्यात नव्हती.

तिसरा दिवस, गिरणी

पहाटे पाऊस आला. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे कानात कुणी तांदूळ पाखडतंय. शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. मी टक्क जागी. पलीकडच्या खोलीत मामा घोरत होती. लेखापालाने नंतर सांगितलं, गवताच्या दिवसांत पाऊस लागला की सगळं घर उठायचं. कुठे गळतंय ते चाचपून परातीत, बादलीत पाणी धरायचं, वह्या पोटाशी घेऊन पोरांनी कोरड्या कोपऱ्यात उभं राहायचं. त्याचं बालपण याच चुलतीकडे गेलं. तो हे मोबाइलवर बोट फिरवत, सहज सांगत होता.

उघडीप झाल्यावर मक्याची पाटी घेऊन मामाबरोबर पोशो मिलवर गेले. पोशो मिल म्हणजे पिठाची गिरणी. डिझेलवर धडधडणारी, पत्र्याच्या शेडमध्ये. इथल्या जेवणाचा कणा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ‘कुओन’. त्याच्याबरोबर पालेभाजी किंवा ओमेना, तळ्यातली बोटभर चंदेरी मासळी. वाळवलेल्या ओमेनाचा वास आला आणि मला हर्णे आठवलं.

गिरणीवाला पीठमाखल्या भुवयांचा, बोलका. त्याला पैसे मिळाले नव्हते. त्याचं छप्पर पत्र्याचं. पण तो म्हणाला, ती दोन वर्षं माझी सगळ्यात चांगली गेली. पूर्वी दिवसभर तो बाकावर बसून गिऱ्हाइकाची वाट बघायचा. लोकांच्या हातात पैसे आले, दळण वाढलं, तर तो फक्त बाकावरून उठला.

"भाव वाढवला नाहीस?"

"कशाला? पुढच्या वळणावर दुसरी गिरणी आहे."

माझ्या डोक्यातला मोठा आक्षेप त्याने एका वाक्यात खोडला. २०१४ ते २०१७ दरम्यान सियायात ६५३ गावं घेऊन हेच तपासलं गेलं होतं. साडेदहा हजारांच्या आसपास घरांना प्रत्येकी हजार डॉलर दिले, तर महागाई किती? ०.१ टक्क्याच्या आसपास. आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या परिसरात साधारण अडीच डॉलरची उलाढाल झाली. हे २०२२मध्ये अर्थशास्त्राच्या बड्या नियतकालिकात आकडेमोडीसकट छापून आलं. मी तो शोधनिबंध दोनदा वाचला होता आणि अडीच कुठून येतात ते मला नीट कळलं नव्हतं. ते बाकावरून उठण्यातून येतात. सुतार, गिरणी, दुकान, शिंपी, सगळे अर्धा दिवस रिकामे बसलेले असतात. माल आणि हात असतात, गिऱ्हाईक नसतं.

परतताना मामाच्या शेजारणीकडे थांबलो. तिथे हवा जरा गार. शेजारणीचं घर आधीपासून पत्र्याचं, म्हणून ती यादीत नव्हती. आणि ते पत्रे तिने कसे घेतले होते? जमिनीचा तुकडा विकून. "मी थांबले असते तर मला फुकट मिळाले असते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो बहुधा वापरून संपला होता. दहा वर्षांनीही दोघी एका चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात. आकडेवारी म्हणते की पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं. वाढलं असेल. तिला विचारा. पुढे संस्था छपराची अट सोडून सरसकट अख्ख्या गावाला द्यायला लागली, ते बरं केलं. फक्त या अंगणाला उशीर झाला होता.

संध्याकाळी मामाची सून चुलीशी बसली होती, पाठीला बांधलेली पोर झोपलेली. तिची थोरली मुलगी २०१६ची, तिसऱ्या हप्त्याच्या आसपासची. केनियात सरकारी दवाखान्यात बाळंतपण २०१३मध्ये मोफत झालं होतं, पण दवाखान्यापर्यंत जाणं मोफत नव्हतं. तेव्हा घरात पैसे होते म्हणून रात्री बोडाबोडा बोलावता आली, आणि शेवटचे दोन महिने दुसऱ्याच्या शेतात निंदायला जावं लागलं नाही. ती हे विशेष काही म्हणून सांगत नव्हती. पण याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेला अभ्यास म्हणतो, ज्या घरांना हे पैसे मिळाले त्यांच्यात वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, आणि कारणंही हीच दिसतात: दवाखान्यातलं बाळंतपण आणि पोटुशीला विसावा. जिथे डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथे फरक मोठा. पैसे संपले तसा तो फरकही ओसरला.

"आणि ही?" मी पाठीवरच्या पोरीकडे बघून विचारलं.

"हिच्या वेळी घरीच."

चौथा दिवस, दुसरं गाव

लेखापालाची आत्या पलीकडच्या गावात असते. तिथला प्रकार वेगळा: २०१८च्या सुमारापासून गावातल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला साडेबावीस डॉलरच्या हिशोबाने पैसे येतात, आणि ते १२ वर्षं येणार. सियाया आणि बोमेट जिल्ह्यांत मिळून अशी ४४ गावं. दुसऱ्या काही गावांना दोनच वर्षं मासिक, काहींना सगळी रक्कम एकदम, काहींना काहीच नाही, अशी तुलना. मोजणाऱ्यांत नोबेलवाले अभिजित बॅनर्जी आहेत. त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर, म्हणजे आपल्याच.

महिन्याला हातावर थोडे थोडे पैसे आले की ते विरघळतात, हे आम्ही बँकेत शंभरदा म्हटलेलं वाक्य. आत्याच्या अंगणात त्याचं उत्तर बसलेलं होतं: बारा बायका, एक वही, एक पेटी. इथे याला ‘चामा’ म्हणतात. मी पाच मिनिटं बघितलं आणि पुतण्याला म्हटलं, "अरे, ही तर भिशी!" प्रत्येकीचे ठरलेले शिलिंग पेटीत, या महिन्याची सगळी रक्कम एकीला. आजची पाळी असलेल्या बाईने कोंबड्यांच्या खुराड्यासाठी जाळी घ्यायची ठरवली होती. पैसे १२ वर्षं येणार हे ठाऊक असल्यामुळे बायका भिशीत बिनधास्त उतरतात. दोनच वर्षं मिळणाऱ्यांपेक्षा यांचे धंदे जास्त उभे राहिले, असं त्या तुलनेत आढळलं.

मला ‘लाडकी बहीण’ आठवणं साहजिकच होतं. त्यांना १,५०० रुपयांचं सांगितलं. पहिला प्रश्न आला: "किती वर्षं?" मी म्हटलं, ते निवडणुकांवर आहे. बायका इतक्या हसल्या की वही पडली.

सगळीकडे हे असं सुरळीत झालं नाही, हेही इथेच कळलं. तळ्याच्या दक्षिणेला होमा बे जिल्ह्यात २०१५मध्ये जवळजवळ निम्म्या घरांनी पैसे नाकारले. फुकट कोण कशाला देईल, यात सैतानाचा हात असणार, घेतले तर पोर दगावेल, अशी आवई उठली होती. आत्या म्हणाली, त्यांना हसू नका, आजवर जे जे आले ते काहीतरी घेऊनच गेले. आणि पैसे लाटणारे मोबाइलच्या युगातही असतात: काँगोत याच संस्थेच्या कार्यक्रमातले सुमारे ९ लाख डॉलर आतल्याच माणसांच्या संगनमताने गेले, हे संस्थेने २०२३मध्ये स्वतः जाहीर केलं. मला त्या बातमीने धक्का बसला नाही. जाहीर केलं याने बसला.

परतताना चिखलात बोडाबोडा दोनदा आडवी झाली. दवाखान्याच्या पाटीपासून पुढे पक्का रस्ता नाही. फोनवर आलेल्या पैशांतून कुणाला रस्ता करता येत नाही, आणि मामाच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतो यावर एम-पेसाकडे काही इलाज नाही.

पाचवा दिवस, निघताना

सकाळी मामाने कोंबडी पकडली. मला वाटलं जेवणाची तयारी. तर ती पाय बांधून माझ्या हातात दिली. पाहुण्याला जिवंत कोंबडी द्यायची रीत आहे, नाही म्हणायची सोय नाही.

मीही काहीतरी द्यावं म्हणून पुतण्याला बाजूला घेतलं. त्याने मामाचा नंबर घेऊन तिथेच उभ्या उभ्या ५ हजार शिलिंग पाठवले. मामाच्या कमरेला खोचलेला फोन टुण्णकन वाजला. तिने चष्मा लावून निरोप वाचला, माझ्याकडे बघितलं आणि लुओमध्ये काहीतरी विचारलं.

"कशाचे, म्हणतेय," लेखापाल म्हणाला.

"सांग तिला, नातीच्या वह्या-पुस्तकांसाठी," मी म्हटलं. "आणि दवाखान्यासाठी थोडे बाजूला ठेव म्हणावं. गायीवर एकदम घालू नको."

तो क्षणभर थांबला. मग मामाकडे वळून बोलला, ते दोनच शब्द होते. ती मान डोलवून "एरोकामानो" म्हणाली, म्हणजे आभार, आणि फोन परत कमरेला खोचला.

बोडाबोडावर बसल्यावर मी त्याला विचारलं, "एवढं लांबलचक मी बोलले, ते दोन शब्दांत मावलं?"

"आमची भाषा आटोपशीर आहे, काकू," तो म्हणाला. कोंबडी उगुंजापर्यंत माझ्या मांडीवर ओरडत होती.